ऑक्टाव्हिया आरएसचा एअर फ्लो सेन्सर: बदलण्याआधी काय बघायचं आणि बदलायचा कसा

मागच्या फेब्रुवारीत निपाणीहून बेळगावला येत होतो. वंटमुरीच्या चढावर उसाच्या दोन ट्रॉल्या एकामागे एक चाललेल्या. उजवी लेन मोकळी दिसली म्हणून तिसरा गिअर टाकला, पाय दाबला, आणि गाडी उचललीच नाही. आवाज वाढला, आरपीएमचा काटा ३००० च्या पुढे गेला, पण एरवी त्या क्षणाला पाठ सीटला टेकते ती टेकली नाही. मीटरवर एकही दिवा नाही. घरी येऊन उभी केली तर आयडलिंग एकसारखं, कुठं मिसिंग नाही, धूर नाही.

गाडी २००५ ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस. १.८ लिटर, वीस व्हॉल्व्ह, टर्बो, दीडशे हॉर्सपॉवर. नऊ वर्षांपूर्वी सेकंड हँड घेतली. चार दारांच्या गाडीला स्पोर्ट्स कार म्हणावं का, असं काही जण विचारतात. जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाटाच्या वळणांवर तिला एकदा चालवलेल्या माणसाला हा प्रश्न पडत नाही. आता या गाड्यांची कामं करणारे कमी झालेत, पार्ट मागवावे लागतात, म्हणून मी केलं ते सगळं आकड्यांसकट लिहून ठेवतोय.

दोष निघाला एअर फ्लो सेन्सरचा, म्हणजे इंजिनात जाणारी हवा मोजणाऱ्या सेन्सरचा. हा सेन्सर बॉशचा, हॉट फिल्म जातीचा. एअर फिल्टरच्या डब्यातून हवा बाहेर पडते तिथंच, एका प्लास्टिकच्या नळीत तो बसवलेला असतो. आत सिलिकॉनची बारीक चकती, तिच्यावर केसापेक्षा कितीतरी पातळ पडदा, आणि त्या पडद्याचा मधला भाग विजेनं तापवलेला. हवा वरून गेली की अलीकडची बाजू जास्त थंड होते, पलीकडची कमी. या दोन बाजूंच्या तापमानातल्या फरकावरून किती ग्रॅम हवा गेली ते सेन्सरला कळतं आणि तो ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, व्होल्टेजच्या रूपात सांगतो. ईसीयू त्या वजनाच्या हिशेबानं पेट्रोल सोडतो, साधारण १४.७ ग्रॅम हवेला १ ग्रॅम. टर्बोकडून, म्हणजे हवा दाबून इंजिनात भरणाऱ्या पंख्याकडून, किती दाब घ्यायचा हेही याच आकड्याच्या आधारानं ठरतं.

पडद्यावर धूळ आणि तेलाचा थर बसला की त्याची उष्णता नीट सुटत नाही. मग शंभर ग्रॅम हवा गेली तरी सेन्सर ऐंशी सांगतो. ऐंशी हा काही अशक्य आकडा नाही, त्यामुळं ईसीयू तो खरा धरतो आणि चेक इंजिनचा दिवाही लावत नाही. माझ्या गाडीत हेच झालं होतं. आयडलिंगला हवा थोडीच लागते, तिथं चूक दिसत नाही. चढावर भरपूर हवा लागते, तिथं ती उघडी पडते.

आमचे मिस्त्री बेळगावातल्या अनगोळचे. घरची भाषा कन्नड, माझ्याशी मराठी बोलतात, आणि गाडीशी बोलताना पुन्हा कन्नडवर येतात. बोनेट उघडून रेस देऊन थोडा वेळ ऐकत राहिले आणि म्हणाले, "गाळी कडिमी बर्तैती." हवा कमी येतीय. लॅपटॉप न जोडता त्यांनी दिशा सांगितली. पण हवा खरंच कमी येतीय, की येतीय आणि मोजली जात नाही, हे कानाला कळत नाही. त्यासाठी आकडे लागतात.

मी व्हीसीडीएसची केबल वापरतो, म्हणजे लॅपटॉप ईसीयूला जोडून त्यातले आकडे वाचायचं साधन. साध्या ब्लूटूथ स्कॅनरवरही हवेचा आकडा मिळू शकतो, पण तो हळू बदलतो, आणि इथं काटा वर जाताना एका क्षणाचा आकडा पकडायचा असतो. इंजिन पूर्ण गरम करा, एसी आणि दिवे बंद करा, मग मेजरिंग ब्लॉक ००२, म्हणजे आकड्यांचा तो ग्रुप, उघडा. आयडलिंगला सेकंदाला २ ते ४ ग्रॅम हवा दिसायला हवी. माझ्याकडं २.६ होती, म्हणजे ठीक. इथं थांबलात तर सेन्सर चांगला आहे असंच वाटेल. बरेच जण इथंच फसतात.

खरी परीक्षा पूर्ण एक्सिलेटरवर. ढोबळ हिशेब असा की हॉर्सपॉवरला ०.८ नं गुणा. दीडशेच्या इंजिनाला सेकंदाला १२० ग्रॅमच्या आसपास. आम्ही रविवारी पहाटे हायवेवरचा मोकळा चढ निवडला. मी गाडी चालवली, भाचा शेजारी लॅपटॉप घेऊन. हे काम एकट्यानं करू नका, चालवणाऱ्याची नजर रस्त्यावरच हवी. आणि तिसऱ्या गिअरमध्ये करू नका. तिसऱ्यात ६००० आरपीएमला गाडी शंभरच्या बरीच पुढं जाते, दुसऱ्यात तेवढी जात नाही आणि आकडा जवळपास तोच मिळतो. २००० पासून पाय पूर्ण दाबून ६००० पर्यंत. माझा सर्वांत मोठा आकडा आला ८८.

मग ग्रुप ०३२. ईसीयू पेट्रोलमध्ये स्वतः किती दुरुस्ती करतोय ते इथं दिसतं: अधिक म्हणजे पेट्रोल वाढवतोय, उणे म्हणजे कमी करतोय. पहिला आकडा आयडलिंगचा, दुसरा चालत्या गाडीचा. हे दोन आकडे वेगवेगळे वाचायला शिकलात तर तुमचे बरेच पैसे वाचतील. पहिला खूप अधिक असेल तर कुठंतरी न मोजलेली हवा आत शिरतीय, म्हणजे पाइप फुटलाय. आयडलिंगला एकूण हवाच कमी असते, त्यामुळं छोटी गळतीही तिथं मोठी दिसते. पहिला ठीक आणि दुसराच अधिक असेल तर संशय सेन्सरवर. माझ्याकडं पहिला १ टक्का, दुसरा अधिक १४. दुसरा आकडा उलट्या बाजूनं, उणे मोठा दिसला आणि सायलेन्सरला काळी काजळी धरली असेल, तर टर्बोच्या पुढचा एखादा पाइप किंवा डायव्हर्टर व्हॉल्व्ह (टर्बोचा जास्तीचा दाब सोडणारी झडप) गळत असतो. मोजलेली हवा वाटेतच बाहेर जाते आणि पेट्रोल मात्र पूर्ण पडतं. अशा गाडीला नवा सेन्सर घातला तरी काही फरक पडणार नाही.

आणखी एक सोपी तपासणी आहे. इंजिन बंद करून सेन्सरच्या वायरचं कपलर काढा आणि गाडी एक चक्कर मारून आणा. ईसीयू तेव्हा थ्रॉटल (हवेची झडप) किती उघडलाय आणि इंजिन किती फिरतंय यावरून हवेचा अंदाज बांधून चालवतो. कपलर काढल्यावर गाडी आधीपेक्षा बरी पळाली, तर सेन्सर खोटं सांगत होता. माझी गाडी दुसऱ्या रेल्वे गेटापासून उद्यमबागेपर्यंत अशी पळाली की मला रस्त्यातच उत्तर मिळालं. यात फॉल्ट कोड नोंदला जातो आणि दिवाही लागू शकतो, तो नंतर पुसायचा.

आता धुळीबद्दल. हा विषय माझ्या रोजच्या कामाचा आहे म्हणून थोडं जास्त लिहितो.

मी उद्यमबागेत एका फौंड्रीच्या सँड लॅबमध्ये काम करतो. साच्याच्या वाळूचा नमुना चाळण्यांच्या उतरंडीत घालायचा, हलवायचा, आणि प्रत्येक चाळणीवर किती ग्रॅम राहिली ते तोलायचं. शेवटची चाळणी २७० नंबरची. तिच्यातून जे खालच्या पॅनमध्ये पडतं ते ५३ मायक्रॉनहून बारीक. बोटांत धरलं तर पिठासारखं लागतं, पण ती सिलिका आणि बेंटोनाइट (एक चिकणमाती) असते. ही पॅनमधली धूळ उद्यमबागेच्या हवेत असते, खानापूर रस्त्याला लाल मातीची असते, आणि गळिताच्या हंगामात ट्रॉल्यांच्या मागं दोन्हींत उसाची पाचट मिसळते. चांगला कागदी फिल्टर यातलं बहुतेक सगळं अडवतो. पण डब्याचं झाकण नीट बसलेलं नसेल तर धूळ फिल्टरमधून जात नाही, बाजूनं जाते.

माझ्या फिल्टरच्या डब्याचा एक स्क्रू आधीच्या कुणीतरी जास्त आवळून त्याचे आटे मारले होते. झाकण एका कोपऱ्यात दोन मिलिमीटर उचललेलं. आतल्या स्वच्छ बाजूला, जिथं बोट फिरवल्यावर काहीच लागता कामा नये, तिथं लालसर पट्टा होता. शिवाय आधीच्या मालकानं तेल लावायचा कॉटनचा फिल्टर बसवलेला, आणि मीही सुरुवातीची दोन वर्षं तोच धुऊन, तेल लावून वापरला. तेल थोडं जरी जास्त झालं तरी ते हवेबरोबर जाऊन त्या तापलेल्या पडद्यावर बसतं, आणि मग त्याच्यावर धूळ चिकटते. या गाडीला साधा कागदी फिल्टर घाला. कंपनी सांगते त्यापेक्षा लवकर बदला. मी दर ७५०० किलोमीटरला बदलतो, आणि पावसाळा संपल्यावर एकदा डबा उघडतोच.

पावसाळ्याचं वेगळं सांगतो. कणकुंबीच्या बाजूला पावसात गाडी नेली की समोरच्या ट्रकचे फवारे सरळ हवेच्या तोंडात येतात. डब्याच्या तळाला पाणी निघून जायला भोक असतं, ते पानांनी आणि चिखलानं बुजतं. तार घालून मोकळं करा. ओला कागद फुगतो, हवा अडते, आणि फाटला तर सगळा चिखल सेन्सरवर.

डबा झाल्यावर सेन्सरपासून टर्बोपर्यंतचा रबरी पाइप बघा. खालची बाजू दिसत नाही म्हणून आरसा धरा किंवा हात फिरवा. इनटेक मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांच्या) खाली क्रँककेसची, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीची, वाफ नेणारे जे पाइप आहेत ते या इंजिनाचं जुनं दुखणं. वीस वर्षांच्या उष्णतेनं रबर मऊ चिखलासारखं होतं किंवा बिस्किटासारखं मोडतं. माझा एक पाइप नुसता दाबला तर हातात तुकडा आला. गळती शोधायला मी उदबत्ती वापरतो. इंजिन थंड असताना चालू करायचं, आधी पेट्रोलचा कुठं वास नाही ना याची खात्री करायची, आणि उदबत्ती हळूहळू पाइपांच्या जोडांजवळून फिरवायची. धूर सरळ वर जात असेल तर ठीक. एखाद्या जोडाशी वाकून आत ओढला गेला तर गळती तिथं आहे. आई गॅरेजच्या दारात येऊन म्हणाली, "काय करूलालास रे, पूजा झाली की सकाळी." मी तिला धूर आत जाताना दाखवला. ती वाकून बघत राहिली आणि दुसरी उदबत्ती आणून दिली.

एवढं झाल्यावर सेन्सर साफ करून बघा. नवा घेण्याआधी हा प्रयत्न जरूर करा. इंजिन बंद, किल्ली बाहेर, गाडी थंड. बॅटरी काढायची गरज नाही. काढलीत तर रेडिओ कोड मागतो आणि थ्रॉटल बॉडीचं बेसिक सेटिंग, ग्रुप ०६०, परत करावं लागतं. कपलरची खिटी दाबून कपलर सरळ मागं ओढा, वायर धरून ओढू नका. प्लास्टिक जुनं आहे, खिटी मोडली तर पुढं तिथं लूज कनेक्शन होतं. रबरी पाइपाची क्लिप सैल करा, डब्याला धरणारे दोन स्क्रू काढा, नळी सेन्सरसकट हातात येते. सेन्सर नळीत दोन टॉर्क्स (चांदणीच्या आकाराच्या खाचेच्या) स्क्रूंनी धरलेला असतो आणि प्रत्येक खाचेच्या मधोमध टाचणीसारखा खुंटा असतो. त्याला मधे भोक असलेलं बिट लागतं. चपट्या स्क्रू ड्रायव्हरनं झटापट करू नका, डोकं गेलं की नळीच टाकावी लागते.

साफ करायला मास एअर फ्लो सेन्सरसाठीचा स्प्रे मिळतो. तो नसेल तर मागं काही न उरणारा इलेक्ट्रॉनिक कॉन्टॅक्ट क्लीनर. कार्बोरेटर क्लीनर नको, पेट्रोल नको, थिनर नको. वीतभर अंतरावरून सात-आठ फवारे, वेगवेगळ्या कोनांतून, आणि वाहून खाली पडू द्या. कापूस, ब्रश, बोट काहीही आत घालू नका. आणि कॉम्प्रेसरची हवा तर अजिबात नाही. आमच्याकडं गॅरेजमध्ये कुठलीही वस्तू हातात आली की पहिली हवा मारायची सवय असते. त्या दाबानं पडदा फुटतो आणि बघून कळतही नाही. अर्धा तास वाळू द्या, मगच जोडा.

माझा आकडा साफ केल्यावर ८८ वरून ९७ वर गेला. काही गाड्यांत तेवढ्यानं काम होतं. माझ्या पडद्यावर थर भाजून बसला होता, तो निघाला नाही.

नवा घेण्याआधी वायरिंग तपासा, पाच मिनिटांचं काम आहे. कपलरवर पिनांचे नंबर बारीक अक्षरात असतात. कपलर काढून इंजिन चालू ठेवा आणि मल्टिमीटर लावा. २ नंबरला बॅटरीचं व्होल्टेज, ४ नंबरला ५ व्होल्ट, ३ नंबर अर्थ, ५ नंबर सिग्नलचा. इंजिन चालू ठेवूनच बघायचं कारण असं की २ नंबरचा पुरवठा फ्युएल पंपाच्या रिलेकडून येतो, नुसती किल्ली फिरवून तो टिकत नाही. इथं व्होल्टेज कमी असेल तर दोष सेन्सरचा नाही.

आता खरेदी. इथं मी स्वतः हात पोळून घेतला. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून निम्म्याहून कमी किमतीत मागवला. डबा हुबेहूब, नाव छापलेलं, नंबरही बरोबर. बसवला तर आयडलिंग वरखाली, आणि चढावर आकडा ७१. माझा जुना, मळलेला सेन्सर त्याच्यापेक्षा चांगला होता. विक्रेत्यानं परत घेतला नाही. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं, पैशांपेक्षा याचं जास्त, की दुसरा एखादा माणूस हाच पार्ट बसवून, आकडा न बघता, आपलं इंजिनच खराब झालं असं समजून गाडी भंगारात देईल. पूर्ण दाबलेल्या पायाखाली हवा कमी मोजली गेली की पेट्रोल कमी पडतं, आणि टर्बो इंजिनात त्यानं नॉकिंग होऊन (पेट्रोल अवेळी पेटून) पिस्टनपर्यंत नुकसान जाऊ शकतं.

म्हणून बॉशचा असली सेन्सर ओळखीच्या डीलरकडून, बिलासकट घ्या. जुन्या सेन्सरवरचा नंबर जुळवा. या कुटुंबातल्या १.८ टर्बो इंजिनांचे नंबर ०६ए ९०६ ४६१ नं सुरू होतात, आणि पुढं एखादं अक्षर असतं, तेही जुळलं पाहिजे. कपलर बसतं म्हणून जास्त ताकदीच्या गाडीचा सेन्सर आणू नका. नळीचा व्यास वेगळा असेल तर त्याच हवेला आकडा वेगळा येतो, आणि ईसीयूला तुमच्याच नळीचा हिशेब शिकवलेला आहे. जुना सेकंड हँड घेऊ नका. तोही कुणाच्या तरी धुळीतूनच आलेला असतो.

बसवताना पहिल्यांदा नळी आतून कोरड्या स्वच्छ कपड्यानं पुसून घ्या, आतली जाळी दाबू नका. ती जाळी हवेचा झोत सरळ करते, वाकली तर मोजमाप बिघडतं. नळीवर बाण असतो, तो इंजिनाकडं. मी हे एवढ्यासाठी सांगतोय की एकदा एका मित्राची नळी उलटी बसवलेली मी पाहिली आहे. ओ-रिंग नवी घाला, जागेवरून वळलेली नाही ना बघा. स्क्रू हातानं, आधी दोन्ही अर्धे, मग दोन्ही पूर्ण. प्लास्टिकमध्ये आटे आहेत, ताकद लावायची नाही. माझ्या मारलेल्या आट्याच्या जागी मिस्त्रींनी पितळी बुश बसवून दिली, उद्यमबागेतच टर्निंग करून आणली. तेव्हापासून झाकण सगळीकडून सारखं बसतं. रबरी पाइपाची क्लिप नवी घाला आणि पाइप पूर्ण आत गेल्यावरच आवळा.

मग फॉल्ट कोड पुसा. त्याबरोबर ईसीयूनं जुन्या सेन्सरच्या चुकीला जुळवून घेतलेली दुरुस्तीही शून्यावर येते. कोड पुसले नाहीत तर गाडी काही दिवस नव्या सेन्सरला जुन्या सवयीनं पेट्रोल घालत राहते. पहिले शंभरेक किलोमीटर गावात, हायवेला, मिळून चालवा आणि पुन्हा ग्रुप ०३२ बघा. माझे आकडे शून्य आणि अधिक २ वर स्थिरावले. त्याच चढावर, दुसऱ्या गिअरमध्ये, हवा ११८. समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंचीवर हे समाधानकारक आहे, इथली हवा गोव्यापेक्षा विरळ.

फिल्टरच्या डब्याच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवलाय: तारीख, किलोमीटर, आयडलिंगची हवा, चढावरची हवा, ०३२ चे दोन्ही आकडे. दर फिल्टरच्या वेळी एक ओळ वाढते. आकडा ११० च्या खाली आला की मी आधी झाकण बघणार, मग पाइप, मग स्प्रे.

जुना सेन्सर टाकला नाही. प्लास्टिकच्या पिशवीत, त्यावर "साफ केलेला, ९७" असं लिहून डिकीत ठेवलाय. चोर्ल्यात नवा बंद पडला तर घरी पोचायला तो पुरेल, आणि तोही नसेल तर कपलर काढून हळू घरी या, गाडी आणते.